इटलीच्या खेड्यात दिवसभर करायचं काय?

वाचकांचे प्रश्न

इटलीतल्या खेडेगावांत सुट्टी घालवायची असेल तर प्रश्न पाठवा, असं आवाहन संपादकांनी केलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. मी मूळची वाईची. दक्षिण तोस्कानात (म्हणजे टस्कनीत), पिएन्झा गावापासून जवळच्या एका शेतावर पाहुण्यांची सगळी व्यवस्था बघते. त्यामुळे सांगेन ते मुख्यतः याच मुलखाचं. सिसिली, पुलियाची चौकशी करणाऱ्यांनी तिकडचं माणूस गाठावं.

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही येतोय. मी, यजमान, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई. ट्रॅव्हल कंपनीने दहा दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान असा बेत दिलाय. मला एकाच खेड्यात राहायचंय. यजमान म्हणतात, "तिथे दिवसभर करणार काय?"
– सौ. अ. दे., डोंबिवली

यजमानांचा प्रश्न रास्त आहे. आधी काहीच ठरवलं नाही, तर तिसऱ्या दिवशी पोरं मोबाइलमध्ये आणि मोठी माणसं एकमेकांवर, असा प्रकार मी बघते.

दहातले सात दिवस एका जागी काढा. उरलेल्या तिनांत रोम बघा आणि व्हेनिस पुढच्या खेपेला ठेवा. रोमहून क्युझीपर्यंत रेल्वेने दीड-दोन तास लागतात. तिथून गाडी भाड्याने घ्यायची आणि वाल दॉर्चात यायचं. फोटोंत दिसणारी सुरूच्या झाडांची रांग आणि हिरव्या टेकड्या त्या हेच खोरं. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मेमध्ये गहू हिरवा असतो, बांधाबांधाला लाल पॉपी फुललेली असते. जून अर्धा सरला की सगळं पिवळं पडतं.

राहायला हॉटेल नको, आग्रितुरिस्मो बघा. आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्रासारखंच, पण इथे त्याला कायदा आहे. पहिला १९८५ चा, आता २००६ चा. शेती हा मुख्य धंदा आणि पाहुणे हा जोडधंदा, हे उलटं होऊन चालत नाही. म्हणून सकाळी अकराला स्वागतकक्षात कुणी दिसलं नाही तर रागावू नका, मालक ट्रॅक्टरवर असतो. स्वयंपाकघर असलेली जागा मागा. सासूबाईंचा सकाळचा चहा आणि मुलांचा वरणभात सुटला की अर्धी कटकट मिटते.

आता दिवस. पहिली सकाळ चीजची. पिएन्झाचं पेकोरिनो मेंढीच्या दुधाचं असतं. ते करताना बघू देणाऱ्या डेअऱ्या आसपास आहेत, पण फोन करून, सकाळी लवकर गेलात तरच. काम दहा-अकरापर्यंत आटोपतं. दूध कोमट करून विरजतात, दही धरलं की तारांच्या फणीने मक्याच्या दाण्याएवढं कापतात. मग ते जाळीच्या साच्यात भरून तळहाताने दाबत बसायचं. मुलांना साचा हातात देतात. दाबलं की बोटांमधून कोमट निवळी कोपरापर्यंत येते, आणि तेरा वर्षांचं पोरगंही मोबाइल खिशात ठेवतं. उरलेली निवळी पुन्हा तापवली की वर पांढरा साका येतो, तो रिकोत्ता. गरम असताना चमच्याने घ्या, साखर वगैरे काही नको.

इथला मेंढपाळ बऱ्याचदा सार्डिनिया बेटावरचा निघतो. त्याचं कारण यजमानांना आवडेल. पूर्वी ही सगळी शेतं अर्ध्या वाट्याने कसणारी कुटुंबं करायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ती शहरांत कारखान्यांकडे गेली, १९६४ मध्ये वाट्याचे नवे करार करायलाच कायद्याने बंदी आली आणि घरं ओस पडली. ती जमीन सार्डिनियातून आलेल्या मेंढपाळांनी घेतली. आज तुम्ही ज्या दगडी घरात पैसे देऊन झोपाल, त्याच्या तळमजल्यावर बहुधा बैल बांधलेले असायचे.

एक संध्याकाळ पिएन्झालाच. पोप दुसरे पायस यांनी १४५९ पासून आपलं हे जन्मगाव नव्याने बांधून घेतलं. बेर्नार्दो रोस्सेल्लीनो हा वास्तुकार. गाव केवढं, तर या वेशीतून त्या वेशीत दहा मिनिटांत. दुपारी बसगाड्या भरून माणसं येतात, साडेपाचनंतर जातात. तेव्हा तटावरच्या रस्त्याला जा. समोर अख्खं खोरं आणि पलीकडे अम्याता डोंगर, १,७३८ मीटर उंच, निद्रिस्त ज्वालामुखी.

एक दिवस स्वयंपाकाचा. पीची नावाची जाड शेवई इथे हाताने वळतात. कणीक, पाणी, थोडं तेल. पाटावर तळव्याने लांबवत न्यायची. सासूबाईंना बसवा. कुरडया-शेवयांचा हात असलेल्या बायका पाच मिनिटांत इथल्या बायकांच्या बरोबरीने वळतात आणि मग दोघींना दुभाष्या लागत नाही.

एक दिवस चालण्याचा. इंग्लंडमधल्या कॅन्टरबरीहून रोमला जाणारा यात्रेकरूंचा जुना रस्ता, व्हिया फ्रांचिजेना, याच खोऱ्यातून जातो. इ.स. ९९० च्या सुमारास कॅन्टरबरीच्या आर्चबिशपने, सिजेरिकने, रोमहून परतताना मुक्कामांची यादी लिहून ठेवली, ती आजही वापरतात. सगळा चालायची गरज नाही. सान क्विरिको दॉर्चा ते बान्यो विन्योनी हा तासा-दीड तासाचा तुकडा मुलांना जमतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा बघत जायचं. सासूबाईंना आणि डबा गाडीने पुढे न्या.

एक दिवस बाजाराचा. प्रत्येक गावाचा वार ठरलेला आहे, मालकिणीला विचारा. भाजीला हात मात्र लावू नका. भेंडी मोडून बघायची, टोमॅटो दाबून बघायची आपली सवय इथे कुणाला खपत नाही. बोटाने दाखवा, भाजीवाली निवडून देते आणि चांगलंच देते. मेमध्ये जाड हिरव्या शेंगा दिसतील, इथे त्यांना बाचेल्ली म्हणतात. त्या सोलून कच्च्याच, पेकोरिनोबरोबर खातात.

झाले पाच. बाकीचे दोन रिकामे ठेवा, पाऊस आला तर लागतात. तरणतलावाचं एवढं लक्षात असू द्या की मेमध्ये पाणी गार असतं. मुलं उतरतात, मोठे काठावरून बघतात.

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. मुलगी म्हणते पास्ता आणि पिझ्झावर भागेल. पण चीजबद्दल काहीबाही ऐकलंय. खरं काय?
– श्री. म. शहा, सांगली

ऐकलंय ते खरं आहे. दूध विरजायला लागणारं रेनेट परंपरेने वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढतात. पार्मिजानो रेज्जानोला तर नियमानेच वासराचं रेनेट लागतं, त्यात पळवाट नाही. पेकोरिनोही बहुतेक तसंच. वनस्पतीचं रेनेट वापरलेली चीजं मिळतात, वेष्टनावर 'कालियो वेजेताले' असं लिहिलेलं शोधा. मास्कार्पोने आम्लाने फाटवतात, रेनेट नाही. रिकोत्तात वेगळं रेनेट घालत नाहीत, पण ती निवळी रेनेट घातलेल्या दुधाचीच असते. तेव्हा कुठे रेघ ओढायची ते तुमचं तुम्ही घरीच ठरवून या. हॉटेलात टेबलावर बसून हा वाद घालणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, वेटर बिचारा उभाच राहतो.

रेघ कुठेही ओढा, उपाशी राहणार नाही. तोस्कानाच्या माणसांना बाकीचे इटालियन चिडवतात ते 'शेंगाखाऊ' म्हणून. इथलं जेवण गरिबाघरचं, म्हणजे कडधान्य, पालेभाजी आणि शिळा पाव. रिबोल्लिता म्हणजे काळसर कोबीपाला, पांढरे राजमे आणि शिळा पाव यांचं दाट कालवण, आदल्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवून मऊ केलेला पाव. उन्हाळ्यात पांझानेल्ला, भिजवून पिळलेल्या पावात काकडी, कांदा, टोमॅटो, तुळस. पीची बहुधा बिनअंड्याची असते. ती आल्योनेच्या रश्श्यात मागा. आल्योने म्हणजे क्याना खोऱ्यातला मुठीएवढा लसूण, चवीला सौम्य. लसूणही चालत नसेल तर नुसतं ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो सांगा, करून देतात. समुद्राकडे गेलात तर चेचीना खा. बेसन, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. मुलगी म्हणेल हा तर आपला पोळा.

वाळवलेला पास्ता रवा-पाण्याचा, तो निर्धास्त खा. ताजा पास्ता, विशेषतः बोलोन्याकडचा, अंड्याचा असतो. न्योक्कीत अंडं असतं बऱ्याचदा. सूपला विचारायचं, "चे ब्रोदो दी कार्ने?", म्हणजे मांसाचं पाणी आहे का. रोमान्याकडच्या पियादीना या पोळीत पूर्वापार डुकराची चरबी घालतात. "सेन्झा स्त्रुत्तो" म्हणून तेलाची मागा. आणि इथल्या पावात मीठ नसतं. बेकरीवाल्याला कमी सापडलं असं समजू नका, तो तसाच खातात.

वेळ मात्र पाळावी लागते. दुपारचं साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधे स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, गयावया करून उपयोग नाही. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, माणशी एखाद-दोन युरो, कधी जास्त. ते बसल्याचे पैसे, फसवणूक नव्हे.

आई सत्तरीची, गुडघे धरलेले. तोस्कानात गरम पाण्याची कुंडं आहेत म्हणे. साडी नेसून उतरता येईल का?
– किशोर, वसई

तुम्ही वसईकर, म्हणजे वज्रेश्वरी माहीत असणारच. तसंच गंधकाचं पाणी, तोच वास. तीन ठिकाणं सांगते.

सातुर्नियाचे धबधबे फुकट आहेत, पाणी साधारण ३७ अंश, वर्षभर. पांढऱ्या चुनखडीच्या वाट्या-वाट्या एकाखाली एक, फोटो सुरेख येतो. पण तळ दगडगोट्यांचा आणि निसरडा, कपडे बदलायला आडोसा नाही, उन्हाळ्यात गर्दी. सत्तरीच्या गुडघ्यांना हे नको. बान्यी सान फिलिप्पो अम्याताच्या पायथ्याला, झाडीत. तिथे चुन्याचा एक प्रचंड पांढरा उमाळा साचलाय, त्याला पांढरा देवमासा म्हणतात. पण उतार उतरावा लागतो.

आईंसाठी बान्यो विन्योनी. गावाच्या चौकात जिथे फरशी असायची तिथे अख्खं कुंडच आहे, चारी बाजूंनी दगडी कठडा. त्यात उतरायला बंदी आहे, सिएनाच्या संत कॅथरीन लहानपणी इथे येत असं सांगतात. चौकातून पाणी दगडी पाटांनी जुन्या गिरण्यांकडे वाहत जातं. त्या पाटात पाय सोडून बसायचं. साडी घोट्याच्या वर खोचली की झालं, कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. खरोखर पोहायचं तर गावातल्या हॉटेलांचे पैसे भरून जायचे तलाव आहेत, तिथे पोहण्याचा पोशाख आणि टोपी लागते.

चांदीची जोडवी, पैंजण खोलीवर काढून ठेवायला सांगा. गंधकाने काळी ठिक्कर पडतात. सोन्याला काही होत नाही.

माझी द्राक्षबाग आहे. सप्टेंबरमध्ये तिकडे येऊन आठवडाभर तोडणीला हात लावायचा विचार आहे. मजुरी नको, शिकायला मिळावं.
– संदीप, निफाड

संदीपराव, मजुरी नको म्हणालात तरी पर्यटक व्हिसावर मळ्यात राबणं हे कामच धरतात. तपासणी आली तर दंड मालकाला होतो, म्हणून शहाणा मालक नाहीच म्हणेल. यातला सरळ मार्ग म्हणजे पैसे भरून एक सकाळ तोडणीत घालवायची सोय काही मळे पाहुण्यांसाठी करतात. कात्री, क्रेट, दुपारचं जेवण. तुमच्यासारख्याला सकाळ पुरते. पुढचे दिवस मालकाशी गप्पा मारा, त्याला तुमच्याइतकीच हौस असते.

बघायला काय मिळेल? तुमच्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च, इथे सप्टेंबर, लांबलं तर ऑक्टोबर. मांडव नाही, तारेवर चढवलेल्या ओळी. मोंताल्चिनोच्या ब्रुनेल्लो वाइनसाठी फक्त सांजोवेसे जात चालते. हीच जात आपल्या अकलूजकडेही लावली आहे. पण ब्रुनेल्लो तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत विकताच येत नाही. एवढं भांडवल अडकवून शेतकरी झोपतो कसा, हे त्याला विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

सप्टेंबर जमला नाही तर दिवाळीनंतर या, ऑलिव्हची तोडणी चालू असते. झाडाखाली जाळी पसरायची आणि लांब दांड्याच्या फणीने फांद्या विंचरायच्या. माल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या, तेलाच्या घाण्यावर जातो. घाण्याच्या नळातून येतं ते तेल पोपटी आणि दाट असतं. भाजलेल्या पावावर लसूण चोळून त्यावर ओतून देतात, घशाला झोंबतं आणि ठसका लागतो. न झोंबणारं ताजं तेल कुणी दिलं तर मला शंका येते.

आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते इटलीत कुठे पडले, ती जागा बघता येते का?
– एक निवृत्त शिक्षक, माणगाव (रायगड)

गुरुजी, येते. आणि हे पत्र आलं म्हणून बरं वाटलं.

१० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं, उंब्रिया. ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ३ ऱ्या बटालियनमधला हा बावीस वर्षांचा नाईक. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावत गेला, ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला टॉमीगनने टिपलं. पुढचं मॅगझिन भरायला वेळ नव्हता, म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपलं. मग शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने तो पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. देह सापडला नाही. नाव कास्सीनो गावातल्या युद्धस्मारकावर आहे.

तुम्ही जायचं ते मोंतोनेला. टायबरच्या खोऱ्यावर टेकडीच्या माथ्यावरचं तटबंदीचं चिमुकलं गाव. तिथे २०२३ च्या जुलैमध्ये घाडगे यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आमच्या भागातून गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. वाटेत अरेत्सोला युद्धस्मशान आहे, तिथे भारतीय सैनिकांची नावं वाचायला मिळतात. आपल्याकडची आडनावं ओळीने दिसतात.

आणखी वेळ असेल तर रोमान्यात सेनिओ नदीवर जा. ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातल्या निमजच्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन गोळीबारात ही नदी ओलांडली, मग शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जगले. नदीचे उंच बांध आजही तसेच आहेत, आल्फोन्सीने गावात या लढाईचं संग्रहालय आहे.

कोल्हापूरकर वाचतीलच म्हणून जाता जाता: फ्लॉरेन्सला काशीने बागेच्या पश्चिम टोकाला कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लॉरेन्समध्ये वारले, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं. छत्री १८७४ ची. सायकल भाड्याने घेऊन जा, बाग लांबलचक आहे.

मी पुण्यात चाळीस वर्षं गाडी चालवली. इटलीत जमेल ना?
– श्री. र. जो., कोथरूड

पुण्यात चालवलीत म्हणजे हिंमत आहे, आता नियम घ्या. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो; त्याच्याशिवाय गाडी भाड्याने मिळाली तरी पोलिसांसमोर अडचण. गाडी उजव्या बाजूने. गिअरची नको असेल तर ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवा. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या तुमच्यासाठी नाहीत. जुन्या गावाच्या वेशीवर पांढऱ्या गोलाभोवती लाल कडा आणि 'झोना त्राफिको लिमितातो' असं दिसलं की आत शिरू नका. कॅमेरा असतो, दंड काही महिन्यांनी कोथरूडला पोचतो, शिवाय गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कापते. गाडी वेशीबाहेर लावून चढत जा.

गाडी नकोच असेल तर मुक्काम रेल्वे स्टेशनच्या गावात घ्या. खेड्यांच्या बस आहेत, पण त्या शाळेच्या वेळा सांभाळतात, रविवारी जवळजवळ नसतातच.

ऑगस्टमध्ये आलो तर सूर्यफुलं दिसतील का?
– प्राजक्ता, नागपूर

माना टाकलेली दिसतील. फुलं जूनअखेर ते जुलै मध्य. ऑगस्टमध्ये शेतं नांगरलेली, ऊन नागपूरला शोभेल असं, आणि १५ तारखेच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या आसपास निम्मी दुकानं कुलूप लावून समुद्रावर गेलेली. जुलैच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं बघा.